जाळीकाम करायचंय: हातातला फ्रेटसॉ घ्यावा की स्क्रोल सॉ मशीन?

लाकडातली जाळी म्हणजे बंद खिडक्यांचं काम. प्रत्येक खिडकीत आधी ड्रिलने भोक पाडायचं, त्यातून ब्लेड ओवायचं, ताणायचं, खिडकी कापायची, ब्लेड सोडवून पुढच्या भोकाकडे जायचं. बँडसॉचं ब्लेड अखंड गोल, ते भोकातून जातच नाही. जिगसॉचं जातं, पण ते इतकं रुंद की करंगळीच्या नखाएवढं वळण घेता येत नाही. उरतात दोन: हाताने चालवायचा फ्रेटसॉ आणि विजेवरचा स्क्रोल सॉ.

‘नवशिक्याला सोपं कुठलं?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचा उपयोग फारसा होत नाही. पहिले काही दिवस दोन्ही सारखेच छळतात. त्याऐवजी तीन गोष्टी ठरवाव्यात: मनातल्या नक्षीत भोकं किती, लाकूड किती जाड, आणि एका नक्षीचे नग किती करायचे. उत्तर बहुधा यातच मिळतं.

ब्लेड तेच, हलवणारा वेगळा

फ्रेटसॉ म्हणजे यू आकाराची लोखंडी चौकट, खाली मूठ, आणि दोन टोकांत ताणलेलं सुमारे १३० मिमी लांबीचं ब्लेड. चौकटीची खोली साधारण ३० सेंमी. यासोबत एक फळी लागते: टेबलाच्या कडेबाहेर काढून क्लॅम्पने आवळलेली, पुढे व्ही आकाराची खाच असलेली. लाकूड खाचेवर ठेवायचं आणि मूठ फळीखाली धरून ब्लेड उभं वरखाली चालवायचं. दात मुठीकडे तोंड करून बसवतात, कारण कापायचं ते खाली ओढताना.

कोपिंग सॉ दिसायला याचाच भाऊ, म्हणून पुष्कळदा चुकून तोच घेतला जातो. त्याचं ब्लेड लांब आणि रुंद, टोकांना आडव्या पिना. बाह्यरेषा कापायला ठीक, पण नाजूक जाळीसाठी नाही.

स्क्रोल सॉमध्ये जवळपास तेच ब्लेड दोन बाहूंमध्ये बसतं आणि मिनिटाला सुमारे ४०० ते १६०० वेळा, दरवेळी जेमतेम १९ मिमी, वरखाली होतं. ब्लेड जागेवर, लाकूड फिरतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते फिरवायला दोन्ही हात मोकळे असतात. फ्रेटसॉवर एक हात करवतीला बांधलेला, त्यामुळे लाकूड दाबणं आणि वळवणं दोन्ही उरलेल्या एका हाताच्या पंजावर. बोटं सांध्यातून वाकवून ब्लेडच्या दोन्ही बाजूंना टेकवायची सवय लागेपर्यंत लाकूड ब्लेडसोबत उसळतं. मशीनवरही ते उसळतं, पण तिथे आवाजाने दचकायला होतं आणि हात आपोआप सुटतो, जे करायचं नसतं. लाकूड उसळलं तर आधी ब्लेड उलटं तर बसलं नाही ना, हे बघावं. बारीक दात डोळ्यांना दिसत नाहीत. बोट वरून खाली आणि खालून वर हलकेच फिरवलं की एका दिशेला अडकतं. दात खाली असतील तर वर जाताना खर लागते.

उभा काप: इथे खरा फरक पडतो

समोरून नक्षी सुंदर आणि मागून पाहिलं तर खिडक्या सरकलेल्या, पाकळ्यांची टोकं पातळ. फ्रेटसॉवर हे पहिल्या दहा-वीस नगांत होणारच. मनगट थकलं की चौकट आत कलते आणि ब्लेडही कलतं. ३ मिमी प्लायमध्ये ही तिरकस कड खपून जाते. ६ मिमीत दिसू लागते. १२ मिमीच्या तुकड्यात ती काम बिघडवते. त्यामुळे चार पातळ फळ्या एकावर एक चिकटवून एकदम चार नग काढायचं काम हाताने करायला जाऊ नये. सगळ्यात खालचा नग वरच्यासारखा निघत नाही.

मशीनवर उभेपणा हाताचा नसून टेबलाचा प्रश्न असतो. टेबल एका बाजूला ४५ अंशांपर्यंत कलतं आणि त्याखाली अंशांची पट्टी असते. त्या पट्टीवर विश्वास ठेवू नये. शून्यावर काटा असतानाही टेबल एखाद्या अंशाने कललेलं सापडतं. लहान गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) ब्लेडला टेकवून बघता येतं, पण याहून खात्रीची तपासणी अशी: सुमारे ४० मिमी जाडीचा एक ठोकळा घ्या, त्याच्या कडेत ब्लेडने २ मिमीची खाच पाडा आणि मशीन बंद करा. आता ठोकळा ब्लेडच्या मागे नेऊन अर्धा वळवा आणि तीच खाच मागच्या बाजूने ब्लेडवर सरकवा. अलगद बसली तर टेबल काटकोनात आहे. वर किंवा खाली अडली तर कल आहे, आणि दिसतो तो फरक खऱ्या कलाच्या दुप्पट असतो, म्हणून बारीक चूकही इथे पकडली जाते.

टेबल बरोबर असूनही काप फुगीर आला तर दोष ढकलण्याचा. लाकूड जोराने रेटलं की ब्लेड मध्ये मागे आणि बाजूला पोट काढतं. ताण कमी असला तरी तेच. ताणलेल्या ब्लेडला नखाने छेडलं तर तारेसारखा स्वच्छ स्वर यावा, थप्प नव्हे, आणि बोटाने बाजूला दाबून ते ३ मिमीपेक्षा जास्त हलू नये.

आणखी एक चकवा फक्त मशीनवर जाणवतो. सरळ रेष सरळ ढकलूनही काप एका बाजूला पळतो. मशीन बिघडलेलं नसतं. ब्लेड बनवताना दातांच्या एका बाजूला बारीक उभी कड राहते, ती बाजू जास्त खाते. लाकूड चार-पाच अंश तिरकं धरून ढकललं की रेष सापडते. हाताच्या करवतीवरही ब्लेड असंच ओढतं, पण तिथे वेग इतका कमी की हात नकळत सावरून घेतो.

भोकांचा हिशेब

कापायला लागणारा वेळ सगळे धरतात, ओवायला लागणारा कुणी धरत नाही. फ्रेटसॉवर ब्लेडचं खालचं टोक मुठीजवळ आवळलेलंच ठेवायचं, वरचं सोडायचं, ब्लेड लाकडाच्या भोकातून खालून वर काढायचं, मग चौकट टेबलाची कड आणि छाती यांच्यामध्ये दाबून किंचित मिटवायची आणि त्या स्थितीत वरचा स्क्रू आवळायचा. दाब सोडला की चौकट उघडते आणि ब्लेड ताणलं जातं. हात बसल्यावरही याला मिनिटभर जातं. चांगल्या मशीनवर ब्लेडचं टोक धरणारा वरचा चाप सैल करून, ओवून, पुन्हा आवळून ताण देणं २०-३० सेकंदांत होतं. १० भोकांच्या पानाफुलाला हा फरक नगण्य. ८० भोकांच्या जाळीला फ्रेटसॉवर नुसतं ओवण्यातच तासाहून जास्त वेळ जातो.

मशीन घेतानाही हाच हिशेब ठेवावा. काही मशीन फक्त पिनवाली ब्लेडं घेतात. ती बदलायला सोपी असतात म्हणून नवख्यांना आवडतात, पण पिन जाण्यासाठी भोक ५ मिमीच्या आसपास लागतं आणि नाजूक नक्षीत तेवढी जागाच नसते. साध्या टोकाचं बारीक ब्लेड १ मिमीच्या भोकातून जातं. जाळीकाम हाच हेतू असेल तर साधी टोकं घेणारे चाप नसलेलं मशीन घेऊ नये, मग बाकी काहीही चांगलं असो. ज्याचा वरचा बाहू उचलला जातो ते आणखी बरं: लाकूड टेबलावर ठेवूनच ब्लेड वरून ओवता येतं. वेग कमी-जास्त करण्याची सोयही हवी.

जाडी ठरवते काय जमेल

फ्रेटसॉचं राज्य ३ ते ६ मिमी. पातळ प्लायचे लटकन, अक्षरं, कोपऱ्यातल्या नक्षी, ६ मिमीची जोडचित्रं हे सगळं हाताने उत्तम होतं. १० मिमीच्या पुढे कठीण लाकूड असेल तर तो छंद राहत नाही, व्यायाम होतो.

मशीन १८-२० मिमी आरामात कापतं, बहुतेक ५० मिमीपर्यंत पोचतात. म्हणून इंटार्सिया, म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे कापून, गोलाई देऊन चित्रासारखे जुळवणं, हे मशीनचं काम. तिथे २० मिमी जाडीत कड जराही कलली तर दोन तुकड्यांमध्ये फट पडते. चौकोनी दांड्याच्या दोन बाजूंवर आकृती चिकटवून आधी एक बाजू, मग तुकडे पुन्हा टेपने बांधून दुसरी बाजू कापली की आतून बुद्धिबळाची सोंगटी निघते, हेही मशीनवरच. टेबल कलवून दोन पातळ फळ्या एकत्र कापायच्या आणि एकीचा तुकडा दुसरीत फट न राहता बसवायचा, त्यालाही स्थिर कोन लागतो. तो कोन अंदाजाने धरू नये, टाकाऊ तुकड्यांवर अर्ध्या अंशाने बदलत शोधावा. ब्लेड जाड असेल तर कोन वाढतो, लाकूड जाड असेल तर कमी होतो.

ब्लेडं तुटणं, झिजणं, जळणं

फ्रेटसॉवर ब्लेडं तुटतात, मशीनवर झिजतात. हाताने तुटण्याचं कारण बहुतेक वेळा वळण: करवत न थांबवता जागच्या जागी वरखाली करत लाकूड हळूहळू फिरवायचं असतं, तर नवखा आधी फिरवतो आणि मग कापतो. ब्लेड पिळलं की गेलं. नंबर जितका लहान तितकं ब्लेड बारीक, म्हणून नंबर १ चं पहिल्या दिवशी वापरू नये. नंबर ३ किंवा ५ ने सुरुवात करावी, मग बारीक व्हावं. मशीनवर साधारणपणे ३ मिमी प्लायला नंबर १ किंवा त्याहून बारीक २/०, ६ मिमीला नंबर ३, १८-२० मिमीला नंबर ५ किंवा ७.

मशीनवरच्या झिजण्याला एक गंमतशीर कारण आहे. फेरा फक्त १९ मिमीचा. त्यामुळे ३ मिमी लाकूड कापताना १३० मिमी ब्लेडपैकी खालचे २२ मिमीच दात काम करतात, बाकी नवे कोरे राहतात. फ्रेटसॉचा ओढा लांब असल्याने तिथे ब्लेड अधिक सारखं वापरलं जातं. मशीनवर उपाय सोपा: धार उतरली की टेबलावर १२ मिमी प्लायचा एक तुकडा टेपने बसवा. लाकूड वर उचललं जातं आणि वरचे ताजे दात कामाला येतात. याच तुकड्याला ब्लेडपुरतंच भोक ठेवलं तर दुसरा फायदा होतो. टेबलाचं मूळ भोक मोठं असतं, बारीक नक्षीला खालून आधार मिळत नाही आणि कुसळं निघतात. ती यामुळे थांबतात. उलट्या दातांची ब्लेडंही यासाठीच असतात: तळाचे काही दात वर तोंड करून असतात. ब्लेड सर्वांत वर असताना त्यांतले दोन-तीन टेबलाच्या वर दिसले पाहिजेत, नाहीतर ते काहीच करत नाहीत.

लाकूड जळणं हा फक्त मशीनचा रोग. मेपल, चेरी यांच्या कडा तपकिरी होतात. वेग कमी करावा, ब्लेड बदलावं आणि नक्षीच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप लावावी. टेपवरच्या गुळगुळीत लेपाने ब्लेडला वंगण मिळतं. सागात सिलिका असल्याने दात लवकर बोथटतात. तीच गत प्लायमधल्या डिंकाची. नक्षी थेट लाकडावर चिकटवू नये. आधी रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी, तिच्यावर कागद. कापून झाल्यावर सगळं एका ओढीत निघतं.

जागा, आवाज, धूळ

फ्रेटसॉ खुंटीला टांगता येतो आणि रात्री चालवला तरी पलीकडच्या खोलीत झोपलेला माणूस उठत नाही. मशीन ज्या टेबलावर ठेवाल ते टेबल थरथरतं. बोल्टने आवळून खाली रबरी चटई घातली तर बराच फरक पडतो. हाताने भुसा निघतो, मशीनने धूळ, म्हणून मशीनसोबत मास्क आणि चष्मा धरूनच चालावं. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) धूळ फारच बारीक, आणि जाळीच्या पातळ दांड्यांत ते मोडतंही लवकर. दोन्ही हत्यारांना बर्च प्लाय मानवतो: ३ मिमीत ३ थर, ६ मिमीत ५, आत पोकळ्या कमी.

मग कुठलं?

लटकनं, नावाच्या पाट्या, ३० सेंमीच्या आतल्या आणि वीस-पंचवीस भोकांच्या नक्षी, महिन्यातून दोन-तीन: फ्रेटसॉ घ्या आणि उरलेला पैसा ब्लेडांच्या डझनांत घाला. दाट जाळी, एकसारखे बरेच नग, इंटार्सिया किंवा १२ मिमीवरचं काही मनात असेल तर थेट मशीन. आधी हाताने शिकून मग मशीन घ्यावं हा सल्ला ऐकू नका. हाताच्या करवतीत कमावलेलं मनगट मशीनवर उपयोगी पडत नाही, कामी येते ती फक्त रेषेवरची नजर.

जुनं मशीन मिळत असेल तर रंग आणि गंज बघण्यात वेळ घालवू नये. ब्लेड काढून वरचा बाहू टोकाशी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बुश गेलेत. मग ब्लेड लावा, मंद वेगाने चालवा आणि समोरून बघा: ब्लेड एका जागी उभी रेघ दिसायला हवं, बाजूला फिरताना दिसू नये. पुढे-मागे थोडं डुललं तर चालतं. चापांचे स्क्रू स्वतः आवळून बघा. आटे झिजलेले असतील तर ब्लेड कापता कापता निसटतं, आणि त्या मशीनचे चाप वेगळे मिळतात की नाही हे पैसे देण्याआधी विचारा.