चहासाठी गंज की चोचीचं स्टील?

आमच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या डाव्या अंगाला, कोटा फरशीवर, रुपयाएवढा तपकिरी डाग आहे. अठरा वर्षं रोज सकाळी मी तिथे कप मांडले, गंजातून चहा गाळला, आणि रोज त्या गंजाच्या पोटावरून एक ओघळ खाली उतरला. डाग त्याचाच. बायकोने सोडा लावला, लिंबू घासलं, शेवटी ती त्यावर मिठाची बरणी ठेवायला लागली.

गंज म्हणजे आमच्या विदर्भात पातेलं. उभट, बिनदांड्याचं, सांडशीने धरायचं. पुण्याकडच्या पाहुण्याला "तो गंज द्या जरा" म्हटलं की तो बिचारा लोखंड शोधतो. आणि अल्युमिनियमला घरोघरी अजूनही जर्मनच म्हणतात. तर हा जर्मनचा गंज एका बाजूला आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेलं दांड्याचं, चोचीचं, जाड बुडाचं स्टीलचं भांडं दुसऱ्या बाजूला, अशी ही तुलना आहे. मधे किटली आणि पितळही वापरून झालं, पण त्यांचं थोडक्यात सांगतो.

चिनीमातीची किटली मला फार आवडते, दिसायला. आपण पितो तो दाणेदार सीटीसी चहा दूध, साखर, अद्रक घालून खळखळ उकळायचा असतो. तो किटलीत होत नाही. आधी गंजात करा, मग गाळून किटलीत भरा, मग किटलीतून कपात. म्हणजे घासायला एक भांडं जास्त आणि चहा तेवढा निवलेला. तुम्ही दार्जिलिंगची पानं गरम पाण्यात मुरवून, बिनदुधाचा पिणारे असाल तर मात्र किटलीच घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. फक्त तोटीच्या आतून बोटभर ब्रश जातो का ते पाहा.

पितळेचा मोह नागपूरकराला सुटत नाही. पितळी भांड्यांचा भंडारा जिल्हा शेजारीच, आणि आजीच्या वेळची दोन-चार भांडी माळ्यावर असतातच. चहा पितळेत फार छान होतो. आच सगळीकडे सारखी लागते, दूध बुडाला धरत नाही. पण कल्हई लागते, आणि कल्हई म्हणजे कथिल. कथिल २३२ अंशांना वितळतं. भांड्यात पाणी आहे तोवर काळजी नाही, कारण पाणी शंभराच्या वर जाऊ देत नाही. मी एकदा भांडं विसळून, ते कोरडं व्हावं म्हणून गॅसवर ठेवलं आणि फोन वाजला. परत आलो तेव्हा आतली चांदीसारखी कल्हई गोळा होऊन बुडाशी पाऱ्यासारखे थेंब झाले होते, आणि मधे पिवळं पितळ उघडं पडलं होतं. उघड्या पितळेत दुधाचा चहा नको. कल्हईवाला आमच्या गल्लीत आता वर्षातून एखादेवेळी ओरडत जातो, तोही नेमका मी ऑफिसात असताना. विसराळू माणसाने या वाटेला जाऊ नये.

आता गंज. त्याच्याबद्दल वाईट बोलायचं मला जिवावर येतं. वजनाला काही नाही, पडला तर पोचा पडतो पण फुटत नाही, आणि तापतो असा की बस. अल्युमिनियम उष्णता पसरवण्यात स्टेनलेस स्टीलच्या दहा-पंधरापट पुढे. मी घड्याळ लावून पाहिलेलं नाही, पण गंजात दोन कप पाणी ठेवलं की माझे दात घासून होईस्तोवर उकळी फुटलेली असते. स्टीलला चूळ भरून, फाटकातून पेपर आणून, पहिल्या पानावरचे मथळे वाचावे लागतात. जानेवारीच्या सकाळी हा फरक फार मोठा वाटतो. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, वेगळ्या कारणाने वाटतो: शेगडीपुढे कमी उभं राहावं लागतं.

गंजाचा दुसरा गुण कोणी सांगत नाही. चहा उतू जायला लागला आणि गॅस बंद केला की तो लगेच खाली बसतो. पत्रा पातळ, त्यात साठलेली आच थोडी. जाड बुडाच्या स्टीलमध्ये गॅस बंद केल्यावरही चहा दोन-तीन सेकंद वर चढतच राहतो. पहिल्या आठवड्यात मी चारदा शेगडी पुसली. अजूनही भांडं गॅसवरून उचलायची सवय लागलेली नाही. मी बटणाकडेच धावतो.

अल्युमिनियम आरोग्याला वाईट, हे व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या घरीही येऊन गेलं. त्यावर माझं मत फार ठाम नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली अल्युमिनियमची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे आठवड्याला २ मिलीग्रॅम धरली आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२० मिलीग्रॅम. आणि गंमत अशी की चहाचं झाडच जमिनीतून अल्युमिनियम ओढून पानांत साठवतं, तेव्हा भांडं बदलून ते पूर्ण टळत नाही. आंबट पदार्थ तासन्‌तास त्यात ठेवू नयेत हे खरं. पाच मिनिटांच्या दुधाच्या चहासाठी मी गंज बाजूला ठेवला नसता. आतून काळा पडतो म्हणूनही नाही; तो काळेपणा पाण्यातल्या क्षारांमुळे येतो, आणि लिंबाची सालं टाकून पाणी उकळलं की गंज पुन्हा लख्ख.

बाजूला ठेवला तो ओघळामुळे.

चहा झाला, गाळणी कपावर धरली, सांडशीने गंज वाकवला. पहिली धार नीट पडते. मग कप भरत आला की हात आवरता घ्यावा लागतो, धार बारीक होते, आणि ती कपात पडायचं सोडून काठाला वळसा घालून गंजाच्या बाहेरच्या अंगाने खाली यायला लागते. बुडाशी थेंब, थेंबातून ओटा. गंज पुन्हा शेगडीवर ठेवला की तोच ओघळ जळतो आणि घरभर करपलेल्या साखरेचा वास. दर कपाला एकदा. चार कप, चार ओघळ. रोज दोनदा. माणूस यावर चिडू नये हे मला कळतं. पण अठरा वर्षं!

मला वाटायचं हा माझ्या हाताचा दोष. टपरीवाल्याचं पाहा ना, तसल्याच जर्मनच्या भांड्यातून हातभर उंचीवरून फडक्यात ओततो, एक थेंब इकडेतिकडे नाही. नंतर लक्षात आलं की त्याची धार मोठी आणि जोरात असते. जोराची धार काठ सोडून पुढे जाते. बारीक, हळू धार काठाला चिकटून वळते. घरी कप छोटा, गाळणी त्याहून छोटी, हात हळूच चालवावा लागतो.

या ओघळाला शास्त्रात नावही आहे, किटलीच्या नावाने: 'टीपॉट इफेक्ट'. शास्त्रज्ञ मार्कुस राइनर यांनी १९५६ साली त्यावर लिहिलं. पुढच्याच वर्षी गणिती जोसेफ केलर यांनी दाखवलं की काठावरून वळणाऱ्या द्रवातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि हवाच त्याला भांड्याकडे दाबून धरते. न ओघळणाऱ्या तोटीचं गणित मांडल्याबद्दल केलर आणि ज्याँ-मार्क वांदेन-ब्रुक यांना १९९९ साली इग नोबेल मिळालं, ते गमतीचं पारितोषिक. बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांनाही ओटा पुसावा लागत असेल."

पण माझा उलगडा शास्त्रातून झाला नाही. गंज एकदा हातातून निसटून मोरीच्या कठड्यावर पडला आणि त्याच्या काठाला एका जागी पोचा आला, बाहेरच्या बाजूला, नखाएवढा. आठवडाभराने ध्यानात आलं की त्या पोच्यावरून ओतलं तर ओघळ जवळजवळ येत नाही. गंजाचा काठ गोल मुडपलेला असतो, हाताला लागू नये म्हणून. त्या गोलाईवरून चहा आरामात वळतो. पोच्याजवळ मुडप चेपून पातळ झाला होता, तिथे चहाला वळायला जागाच उरली नव्हती. मग मी तेवढ्या जागेवरून ओतायला लागलो. सांडशी कुठून धरायची तेही ठरून गेलं. काही महिने बरे गेले, पण सून, पाहुणे, कामवाली, प्रत्येकाला पोचा दाखवत बसणं शक्य नव्हतं.

म्हणून एका रविवारी इतवारीच्या बाजारात गेलो. भांड्यांच्या दुकानात बसलो आणि दुकानदाराला म्हटलं, एक तांब्या पाणी द्या.

"पाणी कायले पायजे काका? गळत नाही ते. गॅरंटीचं आहे."

"गळत नाही माहीत आहे. ओघळते का ते पाहाचं आहे."

त्याने पोराकडे पाहिलं, पोराने माझ्याकडे. पण पाणी दिलं. चार भांडी तिथेच नालीच्या कडेला बसून पाहिली. पहिल्या दोघांना चोच होती पण नावापुरती. काठ गंजासारखाच गोल. तिसऱ्याची चोच छान, मात्र दांडा इतका आखूड की मूठ भांड्याला टेकत होती. चौथं घेतलं. मला साडेआठशेला पडलं, घासाघीस धरून. तुम्हाला कमीजास्त लागेल.

तुम्ही घ्यायला गेलात तर एवढंच करा: भांडं काठोकाठ भरा आणि जमेल तितकं सावकाश ओता. जोरात ओतलं तर कोणतंही भांडं शहाणं दिसतं. मग अर्ध्यात एकदम थांबवा आणि चोचीखाली बोट फिरवा. बोट ओलं झालं तर ते भांडं परत ठेवा. चोचीची कड पातळ, न मुडपलेली आणि जरा खाली झुकलेली हवी. दुकानदार चकाकी दाखवेल, बुडाचे थर सांगेल, ते नंतर.

बाकी हे स्टीलचं भांडं काही देवाचं देणं नाही. तापायला वेळ लावतं हे सांगितलंच. जड आहे, आईला भरलेलं एका हाताने उचलत नाही, ती अजून दोन हातांनी धरते. बूड अरुंद असल्यामुळे मोठ्या बर्नरवर ठेवलं की ज्वाळा बाजूने वर येते आणि दांडा तापतो, तेव्हा लहान बर्नरच बरा. दांडा रिव्हेटने बसवलेला असेल तर आतून त्या डोक्यांभोवती चहाचा काळा थर बसतो आणि घासणी तिथे पोचत नाही. माझा तसाच आहे. पुढच्या वेळी वेल्डिंगने जोडलेला बघेन.

पण दूध धरत नाही. तीन थरांचं बूड असतं, मधे अल्युमिनियम, त्यामुळे आच पसरते. साध्या पातळ स्टीलच्या भांड्यात बर्नरच्या आकाराचं गोल करपतं ना, ते यात नाही. आणि अद्रक टाकायची सवय असेल तर उगाच भांड्याला दोष देऊ नका: कच्चं अद्रक कोमट दुधात पडलं की दूध फाटू शकतं, कोणत्याही भांड्यात. आधी पाण्यात उकळून घ्या.

चोचीबद्दल एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मी घेतलेल्या भांड्याला चोच एकाच बाजूला होती, दांडा उजव्या हातात धरला की डावीकडे. सून डावखुरी. तिने पहिल्या दिवशी भांडं हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आणि काही न बोलता गंज काढला. दोन्ही बाजूंना चोच असलेली भांडी मिळतात, थोडी महाग. घरात एखादा डावखुरा असेल तर तीच घ्या. मी नंतर जाऊन बदलून आणलं. दुकानदाराने वरचे दीडशे घेतले आणि या वेळी न सांगता पाण्याचा तांब्या पुढे केला.

माप दोघांसाठी एक लिटरच्या खाली घेऊ नका. दोन कपांना अर्धा लिटर पुरतं हे खरं, पण दूध वर येतं तेव्हा त्याला जागा लागते. तिघं-चौघं असाल तर दीड लिटर.

गंज आम्ही टाकलेला नाही. सात-आठ कपांच्या वर चहा करायचा झाला की स्टीलच्या भांड्यात मावत नाही. मागच्या रविवारी बहिणीकडचे सगळे तर्री पोहे खायला आले, तेव्हा अकरा कपांचा चहा गंजातच केला. गडबडीत पोच्याची बाजू विसरलो. मिठाची बरणी सरकवून ओटा पुसला.