सोनेरी निकेल-टायटॅनियम फाइल : लवचीकतेला पूर्ण गुण, आयुष्याच्या दाव्याला नाही

रूट कॅनालसाठी मिळणाऱ्या, उष्णतासंस्कार केलेल्या सोनेरी झाकेच्या रोटरी फाइलींचा (यंत्राने फिरवून दाताच्या मुळातली नळी आतून खरवडणाऱ्या बारीक हत्यारांचा) एक संच माझ्या दवाखान्यात नियमित वापरात आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढील मुख्य आक्षेप या वर्गातल्या बहुतेक फाइलींना लागू पडतो.

वाकड्या कॅनालमध्ये हा संच उत्तम चालतो. खालच्या दाढेच्या मेसियल (पुढच्या बाजूच्या) मुळातले वळण जसेच्या तसे राहते, आणि जाड स्टीलच्या फाइलीने लेज (कॅनालच्या भिंतीत नको असलेली पायरी) पडण्याची जी धास्ती असते ती येथे फारशी उरत नाही. 1988 मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी दात सरळ करण्याच्या तारेपासून निकेल-टायटॅनियमच्या पहिल्या फाइली घडवल्या, त्या याच गुणासाठी.

प्रश्न टिकाऊपणाचा आहे. वळणात फिरणाऱ्या फाइलीची प्रत्येक बाजू दर फेऱ्यात एकदा ताणली आणि एकदा दाबली जाते. टोक 0.25 मिमी आणि टेपर (टोकापासून वर वाढत जाणाऱ्या जाडीचा दर) 6 टक्के असेल, तर टोकापासून 5 मिमीवर व्यास 0.55 मिमी भरतो; वळणाची त्रिज्या 5 मिमी धरल्यास बाहेरचा पृष्ठभाग सुमारे 5.5 टक्के ताणला जातो. एवढ्या ताणाने स्टील कायमचे वाकते. हा मिश्रधातू मात्र आपली स्फटिकरचना बदलून तो पचवतो आणि पूर्ववत होतो, पण अगदी पूर्ववत नव्हे. दर चक्रागणिक आत दोष साठत जातात आणि घडणीच्या वेळी पृष्ठभागावर राहिलेल्या ओरखड्यांपासून सूक्ष्म भेगा सुरू होतात. मिनिटाला 300 फेरे म्हणजे सेकंदाला 5 चक्रे, त्यामुळे वळणात एकाच जागी रेंगाळणारी फाइल आपले आयुष्य फार भराभर खर्च करते.

माझी खरी नाराजी माहितीपत्रकावर आहे. त्यातला टिकाऊपणाचा आलेख कोणत्या तापमानाचा, हे कुठेच छापलेले नाही. अशा फाइलीत थंड असताना मऊ मार्टेन्साइट (या मिश्रधातूची एक स्फटिकरचना) अधिक असते आणि ती अधिक चक्रे टिकते. तोंडातल्या उबेत तेच आकडे खाली येतात, आणि आम्ही काम तोंडात करतो. शिवाय पत्रक ‘एकदाच वापरा’ म्हणते आणि विक्रेता ‘डॉक्टर, सात-आठ दाढा बिनधास्त करा’ म्हणतो.

ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढल्यावर वाकलेली फाइल सरळ होऊन नव्यासारखी दिसते, पण त्या उष्णतेने भेगा बुजत नाहीत. म्हणून भिंगाखाली फाइल ठीक दिसली एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. तीव्र वळणात वापरलेली फाइल त्याच दिवशी टाकावी, सरळ कॅनालमधल्या फाइलीची वापरनोंद ठेवावी.

संच घ्यावा, मात्र तीव्र वळणांसाठी 4 टक्के टेपरचा. त्याच जागी त्याचा व्यास 0.45 मिमी आणि ताण 4.5 टक्के राहतो, आणि हा फरक किमतीतल्या फरकापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. मिश्र मापांच्या पाकिटात 25 नंबरची (0.25 मिमी टोकाची) फाइल सर्वांत आधी टाकावी लागते व बाकीच्या पडून राहतात, तेव्हा सुट्या मापाचे पाकीट मागवणेच सोयीचे.