जुना घरगुती एअर कॉम्प्रेसर: आधी टाकी बघा, मग पंप

जुनं मशीन विकत घेताना मोटर, पंप, प्रेशर स्विच (दाब पुरेसा झाला की मोटर बंद करणारा) सगळं बदलता येतं. गंजलेली टाकी मात्र भंगारातच जाते. त्यामुळे मशीन सुरू करण्याआधी खाली वाका. ड्रेन कॉक (टाकीच्या तळाचा पाणी काढायचा नळ) उघडल्यावर थोडं तपकिरी पाणी आलं तर हरकत नाही. गंजाचे पापुद्रे पडले किंवा कॉकच जाम असेल, तर पाणी कुणी काढतच नव्हतं. फक्त तळाला ताजा रंग, वेल्डिंगचा ठिपका किंवा भरलेली लांबी (पुट्टी) दिसली की सौदा तिथेच संपवा. एका छिद्राभोवतीचा पत्राही पातळ झालेला असतो आणि दाबाखाली टाकी फुटू शकते.

पट्ट्यावर (बेल्टवर) चालणारा तेलाचा की बिनतेलाचा? जुन्यात घ्यायचा तर तेलाचाच. जड असतो, पण आवाज कमी, आणि रिंगा, गॅस्केट, व्हॉल्व्हच्या पट्ट्या (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या पातळ झडपा) बदलून पुन्हा उभा राहतो. बिनतेलाच्यात टेफ्लॉनची रिंग झिजून सिलिंडरला ओरखडे पडले की दुरुस्ती परवडत नाही. क्वचित टायरमध्ये हवा भरण्यापुरता, कमी वापरलेला मिळाला तर ठीक.

आता घड्याळ लावा. ५० लिटरची टाकी ४ वरून ८ बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) जायला २ मिनिटं लागली, तर दाब ४ बारने वाढला, म्हणून ५० × ४ = २०० लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण १०० लिटर हवा. प्लेटवरचा आकडा बहुधा पिस्टनच्या विस्थापनाचा, म्हणजे पिस्टन कागदोपत्री जेवढी हवा ढकलतो त्याचा असतो. त्याच्या ६०-७० टक्के मिळाली तरी पंप चांगला. फारच कमी भरली आणि फिल्टरमधून हवा उलटी फुंकली जात असेल, तर सक्शनची (हवा आत घेणारी) पट्टी तुटलेली आहे.

बंद होताना एकदाच ‘फुस्स’ व्हायला हवं. स्विचपाशी हवा सुटतच राहिली तर दोष बहुतेक वेळा स्विचचा नसतो, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा (टाकीतली हवा पंपाकडे परत जाऊ न देणारा) असतो (आणि लोक स्विच बदलून बसतात!). प्लग काढा, टाकी पूर्ण रिकामी करा, मगच हा व्हॉल्व्ह खोला. कार्बन पुसा, सील बदला. मोटर नुसती गुणगुणत असेल तरी आधी हाच व्हॉल्व्ह तपासा, कारण हेडमध्ये (पंपाच्या सिलिंडरच्या वरच्या भागात) दाब अडकला की ती उचलत नाही. मग मोटरचा कपॅसिटर (सुरू होताना जोर देणारा भाग). बारीक वायरचं लांब एक्स्टेंशनही हाच खेळ करतं.

तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. गाडीचं इंजिन ऑइल नको, व्हीजी १०० (तेलाच्या घट्टपणाची श्रेणी) कॉम्प्रेसर ऑइल घाला. सेफ्टी व्हॉल्व्हची (दाब जास्त झाला की हवा सोडणारा) कडी दाबाखाली ओढून पाहा. हवा सुटून तो पुन्हा घट्ट बसला नाही तर दुरुस्त करत बसू नका, त्याच दाबाचा नवा लावा.