भोंगा की आजीची गोष्ट?

26 डिसेंबर 2004. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर जमीन हादरली आणि दहाएक मिनिटांत त्सुनामीच्या लाटा धडकल्या. वस्ती सत्तर हजारांवर. दगावले जेमतेम सात. भोंगा नव्हता की मोबाइलवर संदेश. 1907च्या लाटेपासून आज्यांनी नातवंडांच्या कानात एकच शब्द घातला होता, ‘स्मोंग’, म्हणजे त्यांच्या बोलीत त्सुनामी. मोठा हादरा बसला, पाणी मागे सरलं, की हातातलं टाकून टेकडी गाठायची. उघड्या पडलेल्या वाळूत मासे वेचत बसायचं नाही.

तमिळनाडूला त्याच लाटा पोचायला दोनेक तास लागले, पण सांगणारं कुणी नव्हतं. हजारो गेले. तिथे यंत्रणाच हवी. 2007पासून हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था ती सांभाळते.

आणि आपलं कोकण? 1945 साली पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. एवढ्या लांबचा हादरा पायाखाली जाणवेलच असं नाही, वेळ मात्र काही तासांचा मिळतो. म्हणून इथे माझं मत भोंग्याला; सुमात्राच्या भूकंपपट्ट्याला लागून असलेल्या अंदमानात मात्र आजीलाच. फक्त भोंगा वाजल्यावर कुठली पाखाडी चढायची, म्हाताऱ्यांना कुणी उचलायचं, हे हैदराबादहून कोण सांगणार? ओडिशातल्या नोलियासाही आणि वेंकटरायपूर या गावांनी अशी तयारी सरावासकट करून 2020 मध्ये ‘त्सुनामीसाठी सज्ज’ अशी युनेस्कोची मान्यता मिळवली.