संध्याकाळचा पर्यावरण कायदा वर्ग: शिकवणारे कोर्टातले वकील

वकिलाला दिवसाला 3 तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा 1979 च्या नियमांत आहे. पुण्यातला हा वर्ग त्यातच बसवलाय. इथे शिकण्यातली खरी कमाई मुदतींची. हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायपीठात, त्याच्या कायद्याच्या कलम 14 चा (पर्यावरणाच्या वादाचा) अर्ज 6 महिन्यांत, कलम 16 चं (आदेशाविरुद्धचं) अपील 30 दिवसांत. वर सवलत फार तर 60 दिवसांची. वादाचं कारण पहिल्यांदा कधी उद्भवलं, ही तारीख मोघम लिहिली की अर्ज तिथेच अडकतो. म्हणून इथे आधी तारखांचा तक्ता, मग मसुदा. झकास!

शिकवणाऱ्या वकिलाचं कोर्टातलं मॅटर लांबलं की तास मात्र रद्द. नोट्सही जुन्या: पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 15 मधली कैद एप्रिल 2024 पासून गेली, 10 हजार ते 15 लाखांचा दंड आला, त्याचा पत्ताच नाही.