टपावरचा लाइट बार की बंपरमधले फॉग लॅम्प? आणि अँटेना कुठला? सोलापुरातल्या फोर बाय फोरवाल्यांसाठी

कारखान्यांचे बॉयलर पेटले की मोहोळ–पंढरपूर रस्त्यावर रात्री गाडी चालवताना जीव मुठीत धरावा लागतो. उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. गेल्या हंगामात समोरून टपावर पांढरा बार पेटवलेली एक जीप आली. ती निघून गेल्यावर दोन-तीन सेकंद मला काहीच दिसेना, आणि जेव्हा दिसलं तेव्हा पुढच्या ट्रॉलीची उसाची टोकं बॉनेटच्या अगदी जवळ होती. ब्रेक लागला म्हणून निभावलं.

यंदा भाच्याने थार घेतली. पहिल्याच रविवारी विचारलं, "मामा, टपावर बार टाकू का? आणि ग्रुपमधले सगळे अँटेना लावतायत, तो पण टाकू का?" त्याला बसवून जे सांगितलं, तेच इथे नीट मांडतोय.

दोन्ही गोष्टी एकाच दुकानात मिळतात, पण कायदा दोन्हींकडे अगदी वेगळ्या नजरेने बघतो. दिव्याच्या बाबतीत तो विचारतो, गाडीवर काय बसवलंय? अँटेनाच्या बाबतीत विचारतो, त्याच्या वायरच्या दुसऱ्या टोकाला काय आहे?

दिवे: बार, स्पॉट, जादा वॅटचे बल्ब की फॉग लॅम्प

आधी बार आणि स्पॉट, कारण सगळ्यांचं मन तिथेच अडकतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १११ वा नियम सांगतो की मोटार वाहनाच्या पुढच्या बाजूस स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवता येणार नाही; अपवादात्मक परिस्थितीत, तेही नोंदणी प्राधिकाऱ्याची आधी मंजुरी घेऊनच. नोंदणी प्राधिकारी म्हणजे आपलं आरटीओ: एमएच-१३ असेल तर सोलापूर, एमएच-४५ असेल तर अकलूज. मंजुरी आधी लागते, दिवा नंतर. माळावर फिरायला जायचंय हे काही अपवादात्मक कारण धरलं जाणार नाही.

इथे एक मोठा गैरसमज आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत असे दिवे लावायला मुभा आहे, फक्त सार्वजनिक रस्त्यावर त्यांच्यावर झाकण हवं. ते व्हिडिओ बघून आपल्याकडेही दुकानदार सांगतात, "काळं कव्हर टाका, पोलीस काही बोलणार नाहीत." आपल्या नियमातला शब्द 'बसवणे' हा आहे, 'पेटवणे' नाही. कव्हर घातलेला बारही बसवलेलाच असतो. माझा बार स्पॉट नाही, पसरट उजेडाचा आहे, असा वाद कुणी घालेल. पण पुढे १०६ वा नियम उभा आहे: पुढे उजेड टाकणाऱ्या दिव्याचा झोत खाली वळवलेला असला पाहिजे, इतका की दिव्यापासून ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला तो दिपवणार नाही. समोरून येणाऱ्या गाडीतल्या ड्रायव्हरचे डोळे साधारण तिथेच असतात. टपावर, म्हणजे त्याच्या डोळ्यांच्याही वर बसवलेला बार ही अट पाळणार कसा?

"मग ट्रकच्या टपावर दिवे चालतात ते?" हा भाच्याचा प्रश्न रास्त होता. मोठ्या मालवाहू गाड्यांना वरच्या दोन कोपऱ्यांत पुढे पांढरे आणि मागे लाल दिवे लावायला १०७ वा नियमच सांगतो. अंधारात गाडीची रुंदी-उंची कळावी म्हणून ते असतात, रस्ता उजळायला नव्हे.

दंडाचं बघू. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं १८२अ कलम सांगतं की परवानगी नसलेला बदल, त्यात बाहेरून सुटे भाग बसवणंही आलं, मालकाने केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द दोनदा वाचा. बार, दोन स्पॉट आणि ते टांगायला पुढे बुल बार (बंपरपुढची लोखंडी चौकट), असा संच केला तर हिशोब एकावर थांबत नाही. बुल बारबद्दल तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला लिहिलंय. ५२ व्या कलमाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी बार मला पटत नाही. टपावरचा उजेड आधी आपल्याच बॉनेटवर पडून डोळ्यांत परततो. बाहुली आकसते आणि लांबचं कमी दिसतं. कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीची धूळ उडाली की समोर पांढरी भिंतच उभी राहते. आपल्याकडे धूळ वर्षातले आठ महिने असते.

आणि नान्नजच्या बाजूला जाणाऱ्यांना हात जोडून सांगतो. तिथल्या माळावर माळढोकाचं अभयारण्य आहे, काळवीट आहेत, लांडगे आहेत. प्रखर झोत पडला की जनावर जागीच थिजतं, नाहीतर बिथरून वाट फुटेल तिकडे पळतं. रात्री त्या भागात स्पॉट मारत फिरणाऱ्या गाडीकडे वनखातं शिकाऱ्याची गाडी म्हणूनच बघेल, आणि ते बरोबरच आहे.

जादा वॅटचे आणि एलईडी बल्ब हा दुसरा मोह. बाहेरून गाडी तशीच दिसते, म्हणून लोकांना हा मार्ग बिनधोक वाटतो. कंपनीचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याच होल्डरमध्ये १००/९० चा घातला की वायर आणि होल्डर तापतो, प्लास्टिक पिवळं पडून वितळायला लागतं. एलईडीचा दोष वेगळा. हॅलोजनचा रिफ्लेक्टर तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी तंतोतंत बसत नाही, आणि डिपर मारला तरी झोताची वरची रेघ फाटून उजेड समोरच्याच्या काचेवर जातो. मग नियम १०६ पुन्हा आडवा येतो. बाहेरदेशातून आयात केलेले तयार हेडलॅम्प घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे आपल्या डिप बीमचा उजेड डाव्या कडेला थोडा वर चढतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला दिवा उजवीकडे वर चढतो, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.

आता फॉग लॅम्प. दिव्यांची संख्या, रंग आणि जागा ठरवणाऱ्या एआयएस-००८ या मानकात पुढचे फॉग लॅम्प ऐच्छिक आहेत: एक जोडी, पांढरी किंवा पिवळी, आणि हेडलाइटच्या डिप बीमपेक्षा वर नाही. ही जागा उगीच ठरवलेली नाही. खालून निघालेला पसरट उजेड धुळीच्या आणि धुक्याच्या पडद्याखालून जातो आणि रस्त्याची कड दाखवतो. भीमेकाठी हिवाळ्यात पहाटे धुकं उतरतं तेव्हा, आणि माळावरच्या धुळीत तर रोजच, मला पिवळे फॉग पांढऱ्या बारपेक्षा उपयोगी पडलेत. पैसे घालायचेच असतील तर इथे घाला.

तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला फॉग येत असतील तर खालच्या व्हेरियंटच्या बंपरमध्ये बहुतेक वेळा त्यांची जागा झाकलेली असते. कंपनीचाच संच, कंपनीचंच वायरिंग, बिल सर्व्हिस सेंटरचं. बाहेरून घेतलात तर निदान मान्यतेची खूण बघून घ्या आणि वायर कापून जोड देऊ नका. रिले आणि फ्यूज लावून स्वतंत्र घ्या. वायर कापली की विजेच्या भागाची वॉरंटी गेलीच समजा. विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या, नाहीतर नुकसान झालं तर त्या दिव्यांचे पैसे मिळत नाहीत.

लाल-निळे चमकणारे दिवे या तुलनेत घेतच नाही. पुढे लाल दिवा दाखवायला नियम १०८ मनाई करतो, आणि १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवेसुद्धा उतरले.

अँटेना: एफएम, सीबी, ४४६ की हॅम

टपावरच्या एका काठीने गाडीचा मूळ ढाचा बदलत नाही, म्हणून ५२ वं कलम इथे अडवत नाही. एफएम रेडिओचा किंवा जीपीएसचा अँटेना खुशाल लावा, ते फक्त ऐकतात. प्रश्न सुरू होतो बोलणाऱ्या सेटपासून. बिनतारी संच बाळगणं हेच आपल्याकडे पूर्वापार परवान्याचं काम आहे: आधी १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला. त्यातून सूट मिळालेल्या मोजक्या लहरी आहेत, त्यांच्यातच आपली निवड.

सीबी, म्हणजे सिटिझन बँड. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, जास्तीत जास्त ५ वॅट, २००५ पासून परवान्याची गरज नाही. सपाट माळावर बरा चालतो. त्रास अँटेनाचा: या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर, पाव लहरीचा अँटेना म्हटला तरी पावणेतीन मीटर. गाडीवर लावतात तो कॉइल घालून आखूड केलेला असतो आणि त्यामुळे तेवढा दुबळाही. शिवाय इंजिनाची खरखर या लहरीवर फार येते.

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्प शक्तीच्या वॉकीटॉकीसाठी खुला आहे. पाव लहर म्हणजे जेमतेम १७ सेंटिमीटर, अँटेना सेटवरच येतो, टपाला हात लावायची गरजच नाही. दोन-तीन किलोमीटरच्या ताफ्यात, "पुढे ओढ्यात खडक आहे, डावीकडून ये" एवढं सांगायला तो पुरतो. फक्त घेताना डोळे उघडे ठेवा. ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त सेट सगळ्या लहरींवर बोलतात, पोलिसांच्या सुद्धा, आणि त्यांना सूट नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा सेटच्या विक्रीवरून ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या. सेटला ईटीए, म्हणजे उपकरणाची प्रकार-मान्यता, आहे का ते विचारा आणि त्या कागदाची प्रत गाडीत ठेवा.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओ, हा तिसरा मार्ग, आणि माझ्या मनातला सगळ्यात समृद्ध. परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारं स्वतःचं सांकेतिक नाव (कॉलसाइन) मिळवायचं. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर टपाच्या मधोमध अर्ध्या मीटरचा अँटेना लावला की ४४६ वाला हातातला सेट त्याच्या जवळपासही येत नाही. महापुरात मोबाइल टॉवर बंद पडतात तेव्हा हीच माणसं निरोप पोचवतात. पण ताफ्यातल्या पाच जणांना आपसात बोलायचं तर पाचही जणांकडे परवाना हवा. धंद्यासाठी वापरता येत नाही. गाडीतून केंद्र चालवायचं तर परवान्यात तशी परवानगी हवी. शेजाऱ्याचा परवाना दाखवून भागत नाही.

टपाचंही बघा. या अँटेनांना खाली लोखंडी पत्रा लागतो, तोच त्यांचा अर्धा भाग असतो. कापडी किंवा फायबरच्या टपावर चुंबकाचा अँटेना चिकटत नाही, आणि कसाबसा बांधला तरी नीट चालत नाही. मग बॉनेटच्या कडेला क्लॅम्प लावावा लागतो.

गावाकडे रेंज येत नाही म्हणून गाडीत मोबाइल सिग्नल बूस्टर बसवून देणारे भेटतात. तो घेऊच नका. खाजगी माणसाने बूस्टर बाळगणं बेकायदा आहे आणि त्याने आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं.

मग घ्यायचं काय

रात्री मुख्यतः हायवेने पुणे-हैदराबाद करत असाल तर काहीच घेऊ नका, आधी आहे ते हेडलाइट नीट करा. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा आणि डिप लावा. उजेडाची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची चकती असते. मागे माणसं-सामान भरलं की गाडीचं नाक वर येतं, तेव्हा ती फिरवून झोत खाली आणायचा असतो. पाच वर्षं गाडी चालवूनही ही चकती ठाऊक नसलेले मित्र मला भेटलेत.

शेतवाट, माळ, पहाटेचं धुकं असेल तर पिवळे फॉग. अधूनमधून ग्रुपबरोबर जाणार असाल तर ४४६ चा हातातला सेट. दर महिन्याला जाणार असाल आणि अभ्यासाची आवड असेल तर हॅम. सीबी मी आज नव्याने घेणार नाही, कारण समोर बोलणाराच सापडत नाही.

भाच्याने बारचा नाद सोडलाय. परवा आम्ही दोघांनी घरामागच्या भिंतीवर खडूने रेघ मारून झोत तपासला, तर उजवा दिवा चांगला वीतभर वर होता. नव्या गाडीचा. स्क्रू फिरवून तो खाली आणला, मग पंढरपूरला गेलो.