चासी बसलेल्या कॅम्परला भोसरीत मिळालेला कारागीर

बाबांनी हौसेनं बांधून घेतलेली आमची कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची राहती खोली, चौदा वर्षांची झाली. ताम्हिणीतून परत आलो आणि दार वरच्या कोपऱ्यात अडायला लागलं. खिडकीखालच्या पत्र्याला तिरपी सुरकुतीही पडली. आधीच्या गॅरेजवाल्यानं चाकांवरचे पाटे (स्प्रिंग) बदलले, पैसे घेतले; दार तसंच.

भोसरी एमआयडीसीतल्या या छोट्या वर्कशॉपमधल्या काकांनी कशालाच हात न लावता आधी सपाट जागेवर ट्रेलर उभी केली आणि चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, चॅनलला (लांब तुळईला) कडेनं दोरी ताणली. एक्सलच्या मागे १८ मिलिमीटर झोळ! तारेचा ब्रश मारल्यावर मागच्या हँगरच्या (पाटा जिथे टांगतात त्या ब्रॅकेटच्या) वर चीर दिसली, चॅनलच्या वरच्या कडेपासून खाली उतरलेली. कारणही त्यांनीच दाखवलं: अगदी मागे टांगलेली २०० लिटरची पाण्याची टाकी, म्हणजे भरल्यावर २०० किलो.

टाकी रिकामी करून जॅकनं थोडं थोडं उचलत दोन दिवस घेतले. चिरेच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग खाच घासून वेल्डिंग, वर निमुळत्या टोकांची पट्टी. सरळ कापलेल्या पट्टीच्या कडेलाच पुन्हा तडा जातो, हे त्यांनी मला खडूनं काढून समजावलं. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायलाही विसरले नाहीत. टाकी आता एक्सलवर आहे.

खर्च २१,५०० रुपये. चार दिवस उशीर झाला, रंगही घाईत मारलाय. पण दार एका बोटानं लागतं. बाबांनी ते पाच-सहा वेळा उघडून लावून पाहिलं.